न काढलेल्या तिकिटाचे बक्षीस

‘आपला मोबाइल क्रमांक पंचवीस लाख रुपयांच्या सोडतीत निवडला गेला आहे’, अशा आशयाचा संदेश ज्याला कधीच आला नाही असा मनुष्य आज कुर्डुवाडीसारख्या गावातही शोधावा लागेल. कधी तो ई-मेलने येतो आणि त्यात पौंडांचे वा डॉलरचे आकडे असतात. कधी व्हॉट्सॲपवर येतो आणि त्यावर ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमाचे बोधचिन्ह, कुणा बँकेचा गोल शिक्का व कुणा ‘व्यवस्थापका’ची वळणदार सही असते. अमुक क्रमांकावर त्वरित संपर्क साधा आणि ही गोष्ट तूर्त कोणाला सांगू नका, ही दोन वाक्ये मात्र बहुतेक संदेशांत असतातच. बहुसंख्य सुशिक्षित मंडळी हा मजकूर वाचून हसतात, तो पुसून टाकतात आणि असल्या थापेला बळी पडणारे लोक लोभी तरी असले पाहिजेत किंवा अडाणी तरी, असा निर्वाळा देऊन मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या धंद्याला जी भरभराट लाभली आहे तिच्यात आपल्या या हसण्याचा वाटा लहानसहान नाही.

बक्षिसाच्या तिकिटाची सवय आपल्या समाजाला कुणा भामट्याने लावलेली नाही. ती शासनाने लावली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. केरळने १९६७ मध्ये राज्य लॉटरीचे खाते उघडले आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये तोच मार्ग धरला. त्या काळी मुंबईत कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या मटक्याचा जोर होता. आकड्यांच्या नादी लागलेल्या मजुरांचा व कारकुनांचा पैसा अवैध धंद्यात जाण्यापेक्षा निदान सरकारी तिजोरीत यावा, अशी त्यामागची भूमिका होती. कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याने आशेचा किरकोळ व्यापार करावा, हे प्रस्तुत लेखकाला कधीच पटलेले नाही. पण तो वाद येथे नको. सांगायचे ते एवढेच की, त्या व्यवहारात एक प्रकारची सचोटी होती. एस. टी. स्थानकाबाहेर दोरीला टांगलेली तिकिटे दिसत. तिकिटावर किंमत छापलेली असे, सोडतीची तारीख असे आणि निकाल वर्तमानपत्रात येई. कुर्डुवाडी जंक्शनवर उतरून पंढरपूरच्या छोट्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाने असे तिकीट घेतले, तर त्याचे जास्तीत जास्त किती नुकसान होईल हे त्याला घेतेवेळीच ठाऊक असे. तिकिटाची किंमत गेली, की विषय संपला.

खऱ्या आणि खोट्या लॉटरीतला मूलभूत फरक नेमका येथे आहे. खऱ्या लॉटरीत तोटा ठरलेला असतो आणि लाभ अनिश्चित असतो. खोट्या लॉटरीत लाभ अगदी ठरलेला, आकड्यांत व अक्षरांत लिहिलेला असतो. अनिश्चित असतो तो तोटा. तिला तिकीट नसते, म्हणून तिला किंमतही नसते, आणि जिला किंमत नाही तिच्यापायी किती पैसा जाईल याला मर्यादाही नसते. एखादा प्रस्ताव हाती आल्यावर ‘यात मला किती मिळेल?’ हा प्रश्न कोणीही विचारतो. ‘यात माझे जास्तीत जास्त किती जाईल आणि ते कोठे लिहिले आहे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर पुढील पुष्कळशी चिकित्सा करण्याची गरजच उरणार नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी स्थिती पुरेशी स्पष्ट आहे. आपल्याकडे लॉटरी चालविण्याचा अधिकार राज्यांना आहे व त्यावर १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याच्या अटी आहेत. कुठल्याही मोबाइल कंपनीला, दूरचित्रवाणी वाहिनीला वा शीतपेयाच्या कारखानदाराला आपल्या ग्राहकांचे क्रमांक टोपलीत घालून पंचवीस लाखांची लॉटरी काढता येत नाही. परदेशी लॉटरीची गोष्ट तर याहून सोपी. तिच्यात भाग घेण्यासाठी भारतातून कोणत्याही स्वरूपात पैसे पाठविण्यास परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली मनाई आहे, असे रिझर्व्ह बँकेने मे २०१० मध्ये बँकांना परिपत्रक काढून स्पष्ट केले. तेव्हा ‘ब्रिटनमधील सोडतीचे बक्षीस सोडवून घेण्यासाठी’ म्हणून जे शुल्क मागितले जाते, ते मागणेच मुळात बेकायदा असते. रिझर्व्ह बँकेच्या नावाने येणाऱ्या पत्रांविषयीही त्या बँकेने वारंवार खुलासा केला आहे. कोणाही व्यक्तीच्या नावे वाटपासाठी रकमा ठेवणारी खाती ती बाळगत नाही आणि असल्या बक्षिसांविषयी लोकांना ई-मेल पाठवीत नाही.

कराच्या मुद्द्यावर तर प्रत्येक पगारदार माणसाने भामट्याला तोंडघशी पाडावे, इतका तो सरळ आहे. लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के प्राप्तिकर असतो आणि रक्कम दहा हजार रुपयांहून अधिक असेल तर तो देणाऱ्याने बक्षिसातूनच कापून घ्यायचा असतो. जिंकणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशातून कर भरावा आणि मग बक्षीस न्यावे, अशी पद्धत नाही. शिक्षकाचा वा कारकुनाचा कर पगारातून कापला जातो; ‘आधी कर आणून द्या, मग पगार घ्या’ असे त्याला कोणत्याही कचेरीने कधी सांगितलेले नाही. आपल्या पगाराच्या बाबतीत जे आपल्याला हास्यास्पद वाटेल, ते पंचवीस लाखांच्या बाबतीत रास्त वाटू लागते, हेच नवल.

हे नवल घडते कसे? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बक्षीस २५ लाखांचे. प्रथम ‘नोंदणी शुल्क’ म्हणून ८ हजार मागितले जातात. २५ लाखांपुढे ८ हजार म्हणजे काहीच नाही. ते भरले की ‘वस्तू व सेवा कर’ म्हणून २० हजार. हेही भरले की कोणत्या तरी ‘ना हरकत प्रमाणपत्रा’साठी ४५ हजार. आतापर्यंत ७३ हजार गेले. आता नव्वद हजारांची मागणी येते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की, हा मनुष्य वेडा आहे. परंतु आम्ही अर्थशास्त्राची पुस्तके शिकविणारे लोक वर्गात काय सांगतो? बुडालेला खर्च विसरा, पुढच्या पावलाचा खर्च आणि पुढच्या पावलाचा लाभ एवढेच तोला. हा गृहस्थ तेच करीत असतो. त्याच्या तराजूत एका पारड्यात नव्वद हजार आहेत आणि दुसऱ्यात पंचवीस लाख. हिशेब चुकलेला नाही. चुकते ते दुसऱ्या पारड्यातील वजन. प्रत्येक नव्या मागणीबरोबर बक्षीस खरे असण्याची शक्यता घटत जाते, आणि त्याच्या मनात मात्र ते बक्षीस प्रत्येक हप्त्याबरोबर अधिक जवळ येत असते. त्यातच आधी गेलेले पैसे परत मिळविण्याची तळमळ मिसळली, की मनुष्य पतपेढीत ठेव मोडायला, सोने गहाण टाकायला व नातेवाइकांकडे उसनवारी करायला निघतो. म्हणूनच बक्षिसाच्या नावाने होणारी पहिली मागणी हीच शेवटची समजली पाहिजे. मग ती कितीही क्षुल्लक असो. भामट्याला त्या आठ हजारांत फारसा रस नसतो. हा मनुष्य पैसे भरतो, एवढेच त्याला ताडून पाहायचे असते.

ही सारी गोष्ट अडाणी माणसांची आहे, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांच्यासाठी पुण्याचे एक प्रकरण नमूद करतो. एप्रिल २०२१ मध्ये ते उजेडात आले. तेथे निमित्त लॉटरीचे नव्हते, भेटवस्तूचे होते. परंतु यंत्रणा तीच. खासगी कंपनीत वरिष्ठ पदावर काम करणाऱ्या एका महिलेची फेसबुकवर कुणा परदेशस्थ म्हणविणाऱ्या ‘मित्रा’शी ओळख झाली. त्याने वाढदिवसाची भेट म्हणून महागडा फोन पाठविल्याचे कळविले, आणि मग ती भेट सीमाशुल्क कचेरीतून सोडविण्यासाठी एकामागून एक मागण्या सुरू झाल्या. काही महिन्यांच्या अवधीत २७ निरनिराळ्या खात्यांत, २०७ व्यवहारांद्वारे, सुमारे ३ कोटी ९८ लाख रुपये गेले. दोनशे सात व्यवहार! एका झटक्यात कोणी चार कोटी देत नाही. ते दोनशे सात वेळा, दर वेळी ‘आता एवढेच’ म्हणून दिले जातात.

याहून मोठे उदाहरण हवे असेल तर ते ब्राझीलचे आहे. तेथील बँको नोरोएस्ते या बँकेचा एक वरिष्ठ अधिकारी १९९५ ते १९९८ या काळात नायजेरियातील एका टोळीच्या नादी लागला आणि अबुजा येथील विमानतळाच्या कंत्राटातून मोठे कमिशन मिळेल या आशेवर त्याने बँकेचे सुमारे २४ कोटी २० लाख डॉलर पाठविले. अस्तित्वातच नसलेल्या कंत्राटासाठी पुरी बँक रसातळाला गेली. पैशाचा व्यवहार हाच ज्याचा पेशा, त्याची ही कथा. नायजेरियाच्या दंडसंहितेतील फसवणुकीच्या कलमावरून या प्रकाराला जगभर ‘चारशे एकोणीस’ हे नाव पडले, जसे आपल्याकडे जुन्या दंडसंहितेतील कलमावरून ‘चारसोबीस’ रूढ झाले. मात्र हा एका देशाचा रोग समजणे अन्यायाचे होईल. स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या धनाढ्य कैद्याला सोडविण्यासाठी थोडी रक्कम पाठवा, तो सुटला की तुम्हाला त्याच्या संपत्तीचा वाटा मिळेल, अशी पत्रे एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत टपालाने फिरत होती. टपाल जाऊन फॅक्स आला, फॅक्स जाऊन ई-मेल आला, ई-मेलच्या जोडीला व्हॉट्सॲप आले. मजकुराचा सांगाडा जवळपास तोच राहिला.

सुशिक्षितांना हसू येते ते या मजकुराच्या भोंगळपणाचे. अशुद्ध भाषा, न पटणारे आकडे, बटबटीत शिक्के हे पाहून वाटते की, लबाडी करणाराला लबाडीही धड करता येत नाही. याविषयी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये केलेले विवेचन मोठे उद्बोधक आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: लाखो लोकांना पत्र पाठविण्यास भामट्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलत बसण्याचा. पत्र जर फार विश्वसनीय वाटले, तर पुष्कळ लोक उत्तर देतील, चार दिवस चौकशा करतील आणि ऐनवेळी सावध होऊन निघून जातील; त्यांच्यावर घालविलेला वेळ वाया जाईल. म्हणून पहिले पत्र मुद्दामच असे लिहावे की, शंकेखोर माणसाने ते हसून टाकून द्यावे आणि जो शेवटपर्यंत येण्याची शक्यता आहे तोच मागे उरावा. म्हणजे तो भोंगळपणा ही एक चाळण आहे. आपण हसतो तेव्हा आपण भामट्यावर मात केलेली नसते. त्याने आपल्याला वगळलेले असते. आपले हसू त्याच्या हिशेबात आधीच धरलेले आहे.

या चाळणीतून खाली कोण पडते? कर्जाच्या विवंचनेत असलेला, मुलीचे लग्न ठरलेला, दवाखान्याच्या बिलाने वाकलेला, नोकरीच्या अर्जांना उत्तर न आलेला. किंवा सेवानिवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची एकरकमी पुंजी खात्यात येऊन पडलेला आणि आयुष्यात एवढा मोठा आकडा प्रथमच पाहणारा शिक्षक वा रेल्वे कामगार. लोभ हा शब्द या साऱ्यांना लावण्यापूर्वी जरा विचार करावा. ज्याला पगाराच्या वाढीतून मुलांचे शिक्षण होईल असा भरवसा नाही, त्याला दैवाकडून अपेक्षा असते. ती आपल्या शेजारच्या घरात असते आणि पुष्कळदा आपल्याही.

शिवाय चाळणीचे हे गणितही आता बदलत चालले आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. संगणकाकरवी निर्दोष मराठी मजकूर क्षणात लिहून घेता येतो. भाषेच्या चुकांवरून बनावट पत्र ओळखा, हा सल्ला कालपर्यंत उपयोगी होता; यापुढे तो धोक्याचा ठरेल, कारण शुद्ध लिहिलेले पत्र खरे, असा उलट समज त्यातून होईल. भाषेऐवजी मागणीकडे पाहावे. तिकीट काढले नसता बक्षीस, बक्षिसापूर्वी पैशाची मागणी, गुप्ततेचा आग्रह आणि घाई, या चारांपैकी एक जरी आढळले तरी पुढे वाचण्याचे कारण नाही. तसेच पैसे घेण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही. तो टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ही एवढी साधी गोष्ट प्रत्येक शाळेच्या फळ्यावर आठवडाभर लिहून ठेवावी, असे सुचवावेसे वाटते.

काही वर्षांपूर्वी वर्गात या विषयावर बोलत असता प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना विचारले की, असा संदेश कोणाकोणाला आला आहे. जवळजवळ सर्व हात वर आले व हशा पिकला. घरातील कोणी त्यात पैसे घालविले आहेत का, असे विचारताच एकही हात वर आला नाही. तास संपल्यावर मात्र एक मुलगा जिन्यापाशी थांबला होता. वडिलांनी पैसे भरले होते. किती, ते त्याला ठाऊक नव्हते. तक्रार केली का, या प्रश्नावर तो म्हणाला, ‘सर, गावात कळलं असतं ना.’ या एका वाक्यात या धंद्याचे अर्धे अर्थशास्त्र आले आहे. कुर्डुवाडीसारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. येथे पैसे गेल्याचे दुःख महिनाभर टिकते आणि हसे झाल्याचे वर्षानुवर्षे. शिकलेल्या माणसाला तर ही लाज अधिक. तो पत्नीलाही सांगत नाही.

आणि लपविण्याची किंमत फार मोठी आहे, कारण येथे वेळ हाच पैसा परत मिळण्याचा एकमेव आधार असतो. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात अशी धावत असते आणि अखेर रोख काढून घेतली जाते. ती एखाद्या खात्यात असतानाच अडविली, तरच हाती लागते. यासाठी केंद्र शासनाने २०२१ पासून बँका व पोलीस यांना जोडणारी व्यवस्था उभी केली आहे. तिचा दूरध्वनी क्रमांक १९३० आहे. पैसे गेल्याचे ध्यानात येताच, सकाळ होण्याची वा घरच्यांशी विचारविनिमय होण्याची वाट न पाहता तो फिरवावा आणि आपल्या बँकेलाही लगेच कळवावे. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर रीतसर तक्रार नोंदवावी. ‘गुन्हा आमच्या हद्दीतला नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरण्याचे कारण नाही. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. संदेश, क्रमांक, पैसे भरल्याच्या पावत्या यांपैकी काहीही पुसू नये. लाजेपोटी माणसे सर्वप्रथम संभाषणच पुसून टाकतात आणि पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करतात.

ज्यांचे पैसे गेलेले नाहीत त्यांनी काय करावे? उत्तर देऊ नये, हेच खरे. काही तरुणांना भामट्याशी गप्पा मारून त्याची फिरकी घेण्याची हौस असते. त्यात दोन मिनिटांची करमणूक होते हे खरे, परंतु हा क्रमांक चालू आहे व या क्रमांकावरचा मनुष्य उत्तर देतो, ही माहिती त्याला फुकट मिळते. क्रमांक रोखावा, तक्रार करावी, गप्प राहावे. आणखी एक सावधगिरी फसविल्या गेलेल्यांसाठी. एकदा पैसे गेले की काही काळाने कोणी तरी ‘सायबर अधिकारी’ वा ‘वकील’ म्हणून फोन करतो आणि थोडे शुल्क भरल्यास बुडालेले पैसे काढून देतो म्हणतो. तो पुष्कळदा त्याच मंडळींपैकी असतो. फसलेल्यांच्या याद्या या बाजारात विकाऊ माल आहेत. कधी कधी हीच माणसे उलट धमकी देतात की, तुम्हीच कर चुकविला आहे, पोलीस येतील. या धमकीला भिऊन तक्रार टाळणाऱ्याइतके भामट्याला सोयीचे दुसरे कोणी नाही.

येथवर जे म्हटले ते व्यक्तीने काय करावे याविषयी. परंतु अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न शिल्लक राहतो: नुकसान कोणी सोसायचे? कारण ज्याच्यावर नुकसान पडते तोच सावध राहतो. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे की, फसवणुकीमुळे ग्राहकाने देशांतर्गत खात्यात स्वतः पाठविलेले पैसेही, काही अपवाद वगळता, ८५ हजार पौंडांच्या मर्यादेपर्यंत भरून द्यावे लागतात. आणि हा भार पैसे पाठविणारी संस्था व पैसे जेथे जमा झाले ती संस्था यांनी निम्मा-निम्मा उचलावयाचा असतो. यातील दुसरा निम्मा भाग विशेष महत्त्वाचा. भामट्याचे खाते ज्या बँकेत आहे तिला प्रथमच खाते उघडताना डोळे उघडे ठेवण्याचे कारण मिळाले. आपल्याकडे ग्राहकाने स्वतःच्या हाताने पाठविलेल्या पैशाचा भार बहुतांशी ग्राहकावरच पडत आला आहे. ब्रिटनची व्यवस्था जशीच्या तशी येथे आणता येईल असे नव्हे. आपल्या छोट्या सहकारी बँकांना ती पेलणारही नाही, आणि ग्राहक बेफिकीर होतील हा आक्षेपही निरर्थक नाही. परंतु मोठ्या बँकांवर, आणि विशेषतः पैसा स्वीकारणाऱ्या खात्याच्या बँकेवर, काही अंश तरी टाकल्याशिवाय नुसत्या जाहिरातींनी भागणार नाही. सावध राहा असे ग्राहकाला बजावण्यास बँकेला अत्यल्प खर्च येतो. स्वतःच्या खातेदाराची चौकशी करण्यास खरा खर्च येतो. म्हणून पहिले विपुल होते आणि दुसरे विरळ.

ही खाती असतात कोणाची? मुख्य भामटा स्वतःच्या नावाचे खाते वापरीत नाही. ती असतात आपल्यासारख्यांच्या मुलांची. भामटे लोकांना व्यक्तींच्या नावे असलेल्या खात्यांत पैसे भरायला सांगतात व ते तत्काळ काढून घेतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१० च्या परिपत्रकातच बँकांना दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये तर अशी भाड्याची खाती हुडकण्यासाठी एक संगणकप्रणाली तयार केल्याचे तिने जाहीर केले. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला ओळखीचा कोणी तरी सांगतो की, तुझे बँक खाते, एटीएम कार्ड व सिमकार्ड काही दिवस वापरायला दे, दोन-चार हजार मिळतील. मुलाला वाटते की, खात्यात पैसे नाहीतच, मग आपले जाणार काय? हा विचार वरवर इतका तर्कशुद्ध आहे की, त्यातली खोच त्याला दिसत नाही. त्या खात्यातून कुणा विधवेची ठेव वा कुणा शेतकऱ्याच्या उसाच्या बिलाची रक्कम निघून जाते, आणि तपास करीत पोलीस पोहोचतात ते सर्वप्रथम त्या मुलापाशी. कारण नाव त्याचे, आधार त्याचा, सही त्याची. खाते गोठते. शिष्यवृत्तीचे पैसे त्याच खात्यात यायचे असतात, तेही अडकतात. फसवणुकीच्या गुन्ह्यात नाव आले तर सरकारी नोकरीच्या वेळी होणारी चारित्र्यपडताळणी पुढे उभी राहते. ज्या मुलाने पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावायला सुरुवात केली आहे, त्याला या एका गोष्टीची कल्पना असणे किती जरुरीचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांची खाती उघडली जातात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. बँकेचे कर्मचारी येतात, टेबल मांडतात, सह्या घेतात आणि जातात. त्याच टेबलाशी, खाते उघडतेवेळीच, दोन वाक्ये मराठीत सांगितली जावीत: हे खाते कोणालाही वापरायला देणे म्हणजे काय, आणि दिल्यास काय होते. छापील इंग्रजी अटींखाली सही घेऊन हे काम होत नाही. तसेच सत्तरीतला कुणी खातेदार मुदत ठेव मोडून परगावच्या अनोळखी नावावर रक्कम पाठवू लागला, तर खिडकीतल्या कारकुनाने त्याला बाजूला बसवून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ‘बाबा, कशासाठी पाठवताय?’ एवढे विचारावे. ब्रिटनमध्ये बँकेच्या शाखेतील नोकरांना अशा वेळी पोलिसांना बोलावण्याची पद्धत घालून दिलेली आहे. आपल्याकडे निदान विचारण्याची तरी असावी, आणि गर्दीच्या वेळी रांग खोळंबली म्हणून त्या कारकुनाला वरिष्ठांनी बोल लावू नये.